साडेसात टन आणि एक झाकण

२०१९ साली जेसीबीची खोदाई बघत उभ्या राहणाऱ्या गर्दीवरून देशभर विनोद सुरू झाले, तेव्हा कोल्हापुरात बऱ्याच जणांना त्यात हसण्यासारखं काय आहे तेच कळलं नाही. खोदाई चालू असेल तर बघायचं नाही तर काय करायचं? रंकाळ्यावर फिरायला निघालेला माणूस वाटेत खड्डा दिसला की तिथंच थांबतो. रंकाळा काय, उद्याही तिथंच असणार आहे. खड्डा मात्र उद्या बुजवतील, किंवा कोल्हापुरात जरा धीर धरला तर पुढच्या महिन्यात बुजवतील. शिवाय आमच्याकडं नुसतं बघायची पद्धत नाही. 'जरा डावीकडं घे', 'बकेट उचल की वर', 'आरं तसं न्हवं' हे सगळं फुकटात दिलं जातं.

त्यामुळे कळंब्याकडच्या आमच्या घराच्या परड्यात जेसीबी आला, तेव्हा गल्लीतली यच्चयावत तज्ज्ञ मंडळी चहा पिऊन हजर होती. काम तसं किरकोळ. जांभ्याची जुनी न्हाणी पाडायची, जमीन सारखी करायची आणि मुरूम टाकून गाडी लावायला जागा काढायची. ऑपरेटर राधानगरीकडचा, पंचविशीतला पोरगा. गेटातून गाडी जेमतेम आत घेतली, वर महावितरणच्या तारा कुठून गेल्यात ते मान वाकडी करून बघितलं, इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि मला म्हणाला, "काका, टाकी कुठं हाय?"

आमच्या उपनगरात ड्रेनेज 'येणार' आहे. मी शाळेत होतो तेव्हापासून येणार आहे. तोवर प्रत्येक घराच्या पोटात संडासाची एक टाकी आहे आणि ती कुठं आहे हे प्रत्येक घरात सगळ्यांना माहीत असतं.

"पेरूपाशी," आई म्हणाली. पेरू तोडून कैक वर्षं झाली. तो कुठं होता यावर आई आणि आक्का यांच्यात मतभेद झाले आणि त्यातून पेरू कुणी तोडायला लावला हा जुना विषय निघाला. दाजी म्हणाले, टाकी न्हाणीला लागूनच, कारण त्यांच्या लग्नात मांडवाची मेढ तिथं खाली जाईना, ठण्णदिशी वाजली होती. (दाजींच्या लग्नातल्या सगळ्या गोष्टी अशा वाजतगाजत झाल्या.) नाना, म्हणजे माझे चुलते, मात्र ठाम होते. "टाकी बांधली तवा मी सोता हुबा हुतो की!" कुठं उभे होता, असं विचारल्यावर नानांनी परड्याकडं असं काही बघितलं, की आता तेही शोधावं लागणार.

मग मी ट्रंकेतून घराचा मंजूर नकाशा काढला. त्यात टाकी घराच्या पुढच्या बाजूला, तुळशीच्या खाली दाखवली होती. संडास घराच्या मागं. मंजूर नकाशा आणि बांधलेलं घर यांची नुसती तोंडओळख असते हे मला ठाऊक होतं, पण इतकी कमी असेल असं वाटलं नव्हतं.

"घाल रं बिनधास्त," दाजी ऑपरेटरला म्हणाले. "बुलेट लावत हुतो मी हितं. काय झालंय?"

"बुलेट दोनशे किलो, दाजी," पोरगा म्हणाला. ओळख पाच मिनिटांची, पण गल्लीत दाजींना सगळेच दाजी म्हणतात. "माझी गाडी साडेसात टनाच्या आसपास. परत खोदताना मागचं दोन जॅक टेकवायचं. म्हंजे भार त्या दोन पायांवर आला. पायाखाली जर टाकीचा स्लॅब असला, तर गाडी आत आणि मी बी आत."

'मी बी आत' हे ऐकून आई घाईघाईनं म्हणाली, "नको रं बाबा, नोट जास्त घे पर हळू कर."

पण नोटेचा प्रश्न नव्हता. त्यानं जे सांगितलं ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. टाकीचा जुना स्लॅब वरून बघायला खणखणीत असतो. पाय आपटून बघा, माणसं नाचवा, काही होत नाही. पण टाकीतला कुजका गॅस वर चढून स्लॅबच्या ओल्या पोटाला लागतो, तिथले जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि ते आम्ल खालून काँक्रीट खातं. मग सळी उघडी पडते, गंजते, फुगते, पोपडे निघतात. वरून स्लॅब आणि खालून चहात बुडवलेली खारी. बुलेट पेलते याचा अर्थ एवढाच, की ती बुलेट पेलते.

कंपाउंडच्या भिंतीपलीकडून मास्तर बघत होते. आमचे शेजारी, शाळेतून निवृत्त झालेले, पण सूचना देण्यातून नव्हे. "आमची टाकी तर आजवर एकदासुद्धा भरली नाही," ते म्हणाले. आमच्याकडं हे वाक्य, मुलगी पोलिसात लागली, या चालीवर म्हणतात. खरं तर टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायची असते. जी कधीच भरत नाही तिचा गाळ कुठंतरी जात असतो, आणि तो कुठं जातो हे न विचारणं हा आपल्याकडच्या शेजारधर्माचा पाया आहे.

शेवटी प्लंबर मामांना बोलावलं. मामा आले ते बोलण्यात वेळ न घालवता संडासामागच्या चेंबरपाशी गेले. झाकण उचललं, बाजूला वळून तोंड फिरवलं, वास उडून जाईपर्यंत तंबाखू मळली, मग पाइपात जाड तार सारायला सुरुवात केली. तार कुठं वळते, कुठं अडते हे त्यांच्या बोटांना कळत होतं. अडली तिथं तारेला चिंधी बांधली, बाहेर ओढली आणि जमिनीवर त्याच दिशेनं आंथरली. चिंधी जिथं आली तिथं पेरू नव्हता, न्हाणी नव्हती आणि तुळस तर नव्हतीच. तिथं आईची कपडे वाळत घालायची दोरी होती.

"आता पहार द्या. आणि एक लांब फळी."

फळी कशाला, तर मामा स्वतः फळीवर उभे राहिले. खाली काय आहे माहीत नसताना दोन तळव्यांवर उभं राहू नये, म्हणाले. पहार त्यांनी ठोकली नाही. अंगाच्या भारानं रेटली, गदागदा हलवली, काढली, वीतभर पुढं परत रेटली. मी कान देऊन ऐकत होतो. मुरमात खर्र होतं. दगडाला लागली की टण्. आणि मग एका ठिकाणी ढब् झालं. हात-दीड हातावर. पुढं परत ढब्. त्याच्या पुढं खर्र. मामांनी तिथं काडी रोवली. टाकी साधारण लांबट असते, रुंदीच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत लांब, त्यामुळे एक कडा सापडली की बाकीच्या तीन फार वेळ रुसून बसत नाहीत. चारी कोपऱ्यांना काड्या लागल्या. हातानं खोऱ्यानं माती ओढली, पाटीनं बाजूला टाकली, तेव्हा शहाबादी फरशी दिसली आणि तिच्या सांध्यात गंजून लाल झालेली लोखंडी कडी.

जेसीबीचं पुढचं चाक त्या कडीपासून चार-पाच पावलांवर होतं. पोरगा इंजिन बंद करून उतरला नसता, तर? आई नुसती 'जोतिबाच्या नावानं' एवढंच म्हणाली. चांगभलं म्हणायला सगळी गल्ली होती.

"मीच सांगत हुतो की दोरीपाशी," नाना म्हणाले.

आता फरशी उचलून आत बघायची सगळ्यांना इतकी घाई झाली, की वाटावं आत खजिना आहे. मामांनी फरशी जराशी सरकवली आणि सगळ्यांना मागं हाकललं. दाजींच्या हातातली सिगरेट त्यांनी मागितली. दाजींना वाटलं, एक झुरका पाहिजे. मामांनी ती चपलेखाली विझवली. टाकीतला मिथेन पेट घेतो, आणि दुसरा तो सडक्या अंड्याच्या वासाचा वायू त्याहून लबाड. थोडा असला की वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास यायचा थांबतो. म्हणजे 'आता वास न्हाई, गॅस गेला वाटतं' असं म्हणून जो वाकतो, तो नेमका चुकीच्या वेळी वाकतो.

"एखादं पोरगं उतरवू या की आत, मापं घेऊन येईल," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

मामा तोवर चेष्टामस्करीत होते. त्या वाक्यावर त्यांचा चेहरा बदलला. "तू उतर," ते म्हणाले. पुढं कुणी बोललं नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय टाकीत किंवा गटारात माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. गटारात माणूस दगावला तर घरच्यांना ३० लाख रुपये द्या, असं सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये सांगितलं. तरी 'एखादं पोरगं' हा शब्द आपल्या तोंडात तयारच असतो, आणि ते पोरगं कधी आपल्या घरातलं नसतं. फरशी परत जागेवर बसवली.

मास्तर भिंतीवरून म्हणाले, "आधी टाकी उपसून घ्या. रिकामी केली की धोका संपला." हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. पटलं नाही ते ऑपरेटरला. "माझं काम होईपर्यंत उपसू नका," तो म्हणाला. "भरल्याली टाकी आतनं भिंतींना धरून असती. रिकामी केली आन् शेजारनं साडेसात टन गेलं, तर भिंत आत येती. शिवाय उपसायची गाडी बी जडच की. ती रस्त्यावरच हुबी करायची, पाइप लांब घ्यायची."

मग फक्की, म्हणजे मैदान आखायची पांढरी पूड, आली. मामांनी दोरी लावून टाकीचा चौकोन आखला. त्याच्याबाहेर ऑपरेटरनं आपला दुसरा चौकोन आखायला लावला. टाकी जितकी खोल असेल, तितकं तरी तिच्यापासून लांब राहायचं, हा त्याचा हिशेब. टाकी सहा फूट खोल धरली तर चारी बाजूंनी सहा फूट. या मापात चाक नाही, जॅक नाही, मातीचा ढीग नाही, मुरमाचा डंपर तर नाहीच. दोन पांढरे चौकोन बघून गल्लीतल्या पोरांनी विचारलं, "काका, खो-खो का कबड्डी?"

दोन्ही चौकोन वजा केल्यावर परड्यात गाडी लावायला जी जागा उरली, तिथं फार तर सायकल लागली असती, तीही घडीची. बायकोनं ते आधी ताडलं होतं. ती काहीच बोलली नाही, फक्त माझ्याकडं बघून कपड्यांची दोरी परत बांधली.

न्हाणी पाडायची ती पाडली. ऑपरेटरनं गाडी लांबच्या बाजूला नेली, बूम पसरून भिंत आपल्याकडं ओढली, म्हणजे एकही जांभा टाकीच्या अंगाला पडला नाही. बकेट फिरते तिथं कुणी येऊ नये म्हणून मामा पहार आडवी धरून उभे राहिले. प्रेक्षकांनी सूचना दिल्या. एकही ऐकली गेली नाही, आणि मला वाटतं त्या पोराच्या कामातलं खरं कौशल्य तेच.

पुढं तो कंपाउंडच्या बाजूची माती ओढायला वळणार, तेवढ्यात परत इंजिन बंद. परत खाली.

"काका, आन् शोषखड्डा?"

टाकीतलं पाणी जिथं जमिनीत मुरतं तो शोषखड्डा. टाकी विसरलेल्या घराला तो कुठून आठवणार? नाना म्हणाले, तो बांधला तेव्हा आपण गावाला गेलो होतो. परत तार, परत फळी, परत पहार. शोषखड्ड्यावर स्लॅब असेलच असं नाही. जुने लोक खड्ड्यात विटांचे तुकडे, गोटे भरत आणि वर माती ओढत. त्यामुळे इथं ढब् होत नाही. इथं पहार एकदम लोण्यात गेल्यागत खाली जाते आणि मामा "हं" म्हणतात. एक हं झालं. दुसरं जरा पुढं. तिसरं कंपाउंडच्या अगदी मुळाशी. चौथ्याला पुढं जागाच नव्हती, भिंत होती.

मामांनी भिंतीवरून पलीकडं वाकून बघितलं. आमचा निम्मा शोषखड्डा मास्तरांच्या हद्दीत होता. आमच्या आण्णांनी आणि मास्तरांच्या वडिलांनी तेव्हा भिंतच घातली नव्हती, तेव्हा खड्ड्याला काय हद्द कळणार.

मास्तर इतका वेळ भिंतीवर कोपर टेकून होते. त्यांनी कोपर काढलं. त्यांच्या परड्यात गेल्याच वर्षी झकास कोबा केलाय, पार भिंतीपर्यंत, आणि त्यावर मुलाची नवीकोरी मोठी गाडी असते. पुढची दोन्ही चाकं भिंतीला भिडवून लावलेली.

ऑपरेटरनं कोबा बघितला, गाडी बघितली आणि अदबीनं विचारलं, "मास्तर, तुमची टाकी कुठं हाय?"

मास्तरांनी आधी कोब्याकडं बघितलं, मग चाकांकडं. मग घराकडं तोंड करून एकदम हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, गाडीची किल्ली कुणाकडं हाय गं?"