विमानतळावरच्या स्कॅनरला घाबरायचं आणि सीटीला रांग लावायची?

नाशकातल्या सोसायट्यांच्या, ज्येष्ठ नागरिक संघांच्या आणि गोदापार्कवर सकाळी चालणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: विमानतळावरच्या बॉडी स्कॅनरमधून एकदा गेलं की शंभर एक्स-रे काढल्याइतकं रेडिएशन बसतं, म्हणून गरोदर बायकांनी आणि पेसमेकर असलेल्यांनी त्यात पाय ठेवू नये. उलट चाळिशीनंतर दरवर्षी फुल बॉडी स्कॅन करावा, त्यात कुठलाही कॅन्सर पहिल्याच स्टेजला सापडतो. एमआरआयमध्ये तर एक्स-रेच नसतो, त्यामुळे काहीच नुकसान नाही. आणि डॉक्टर हे सांगत नाहीत, कारण त्यांचा धंदा बुडेल.

मी नाशकात सीटी आणि एमआरआयच्या मशीनवर टेक्निशियन आहे. हा मेसेज दाखवून स्कॅन मागणारे लोक काउंटरवर येऊ लागलेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

शंभर एक्स-रेचा हिशोब साफ उलटा आहे. विमानतळावर हात वर करून आपण ज्या काचेच्या केबिनमध्ये उभे राहतो, तिथे मिलिमीटर लहरी वापरतात. या रेडिओ लहरींच्याच जातीच्या. कपड्यांतून आरपार जातात, पण कातडीवरून परत फिरतात. पेशींमधला डीएनए तोडण्याइतकी ताकद त्यांच्यात नाही. पलीकडच्या जवानाला तुमचा फोटोही दिसत नाही. पडद्यावर बाहुलीसारखी एक आकृती असते आणि खिशात पाकीट राहिलं असेल तर त्या जागी एक चौकोन उमटतो. आपल्याकडच्या नागरी विमान सुरक्षा ब्युरोने 2019 मध्ये विमानतळांना बॉडी स्कॅनर बसवायला सांगितलं, ते याच प्रकारचे.

मग भीती आली कुठून? परदेशात पूर्वी एक्स-रेवर चालणारे स्कॅनरही होते. युरोपीय संघाने 2011 मध्ये त्यांना मान्यता नाकारली, अमेरिकेने 2013 पर्यंत ते विमानतळांवरून काढले. पण त्या जुन्या मशीनमध्येही एका वेळचा डोस 0.1 मायक्रोसीव्हर्टच्या (हे रेडिएशनचा डोस मोजायचं माप) आसपास होता. छातीच्या एका एक्स-रेला कमीत कमी 20 मायक्रोसीव्हर्ट धरा. म्हणजे एका एक्स-रेची बरोबरी करायला त्यातून दोनशे वेळा जावं लागलं असतं. खरं तर विमानात बसल्यावर आकाशातून येणाऱ्या किरणांचा डोस तासाला 3 ते 5 मायक्रोसीव्हर्ट असतो, तोही घाबरण्यासारखा नाही. मॉलच्या आणि मंदिरांच्या दारातल्या चौकटी तर नुसते मेटल डिटेक्टर. त्यांत चुंबकीय क्षेत्र असतं, एक्स-रे नसतो. एक्स-रे असतो तो बॅगा जातात त्या पट्ट्यावर, शिशाच्या पडद्याआड.

गरोदर बाईला मिलिमीटर लहरींच्या स्कॅनरमुळे धोका नाही. पेसमेकर असेल तर कार्ड दाखवा, मेटल डिटेक्टरच्या चौकटीत रेंगाळू नका आणि हातातलं डिटेक्टर छातीवर धरून ठेवू देऊ नका, एवढं पुरे. पेसमेकरवाल्याला खरी काळजी घ्यावी लागते ती एमआरआयच्या खोलीत. तिथलं चुंबक सहसा दीड टेस्लाचं असतं आणि ते चोवीस तास चालू असतं. हाच मेसेज अशा माणसाला विमानतळावर अडवतो आणि त्याच दमात एमआरआयकडे पाठवतो, याचा मला फार राग येतो.

आता कॅन्सरचा मुद्दा. संपूर्ण शरीराच्या सीटीत साधारण 10 ते 20 मिलिसीव्हर्ट डोस जातो (1 मिलिसीव्हर्ट म्हणजे 1000 मायक्रोसीव्हर्ट). निसर्गातून माणसाला वर्षभरात जगभरच्या सरासरीने 2.4 मिलिसीव्हर्ट मिळतो. आजारी माणसाला त्या सीटीतून मिळणाऱ्या माहितीपुढे हा धोका किरकोळ ठरतो. पण धडधाकट माणसाने दरवर्षी, वीस वर्षं हे करायचं?

डोसपेक्षाही मोठा त्रास पुढे सुरू होतो. गंगापूर रोडला राहणारे एक निवृत्त शिक्षक, कसलीही तक्रार नाही, बिडी-सिगारेट कधी ओढलेली नाही. मुलाने वाढदिवसाला स्कॅन भेट दिला. रिपोर्टमध्ये फुप्फुसात 4 मिलिमीटरची गाठ आणि यकृतावर एक डाग. यकृतासाठी कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून द्यायचं औषध, देऊन पुन्हा सीटी, मग एमआरआय. निघालं ते जन्मभर निरुपद्रवी असणारं रक्तवाहिन्यांचं जाळं. तेवढ्या काळात त्यांचं जेवण तुटलं होतं. योगायोगाने सापडलेल्या, 6 मिलिमीटरपेक्षा लहान अशा घट्ट गाठीसाठी, माणूस कमी जोखमीचा असेल तर, पुन्हा नियमित स्कॅन करायची गरज नाही असं फ्लाइशनर सोसायटी या छातीच्या स्कॅनमधल्या तज्ज्ञांच्या संस्थेच्या 2017 च्या शिफारशी सांगतात. पण रिपोर्टवर ‘गाठ’ वाचलेल्या घराला हे पटवणं फार कठीण असतं.

दक्षिण कोरियात हेच देशभर घडलं. तिथे तपासण्यांबरोबर थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली आणि 2011 पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान 1993 च्या 15 पट झालं. मृत्यूंचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या, आणि त्यातल्या बहुतेकांना त्या कॅन्सरने आयुष्यात कधी त्रास दिला नसता.

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतो, हे मेसेजमधलं एकमेव खरं वाक्य. पण हे नको ते सापडणं आणि त्यामागची धावपळ एमआरआयलाही चुकत नाही. शिवाय तोंडातला सुरुवातीचा पांढरा चट्टा किंवा गर्भाशयमुखातला कॅन्सरपूर्व बदल अशा स्कॅनमध्ये दिसत नाही. ‘सगळं नॉर्मल’ वाचून तंबाखूची पुडी फोडणारा माणूस मी पाहिला आहे.

डॉक्टर लपवतात म्हणावं, तर निरोगी लोकांनी जास्त स्कॅन केले की पैसा स्कॅन करणाऱ्यांनाच मिळतो. तरीही अमेरिकेतली रेडिओलॉजिस्टांचीच संघटना लक्षणं, जोखीम किंवा घरात इतिहास नसलेल्यांना संपूर्ण शरीराच्या स्कॅनची शिफारस करत नाही.

मुंबई-आग्रा हायवेवरच्या अपघातातून आलेल्याला डोक्यापासून कमरेपर्यंतचा सीटी वाचवतो. लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, किती पसरलाय ते पेट-सीटी हा खास स्कॅनच सांगतो. वर्षानुवर्षं भरपूर सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये छातीच्या कमी डोसच्या सीटीने फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्क्यांनी घटल्याचं 2011 च्या अमेरिकी चाचणीत दिसलं. प्रत्येक ठिकाणी प्रश्न नेमका आहे, म्हणून उत्तरही उपयोगी आहे.

आणि जे खरोखर जीव वाचवतं त्याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगर, लावून गर्भाशयमुख तपासलं आणि त्या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्हीच्या, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूच्या, तपासणीने ते जवळपास निम्म्यावर आले. तिशीपुढच्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. आरोग्य केंद्रात किंवा सिव्हिलला विचारा. मिसरी किंवा तंबाखू असेल तर तोंड आधी दाखवा, त्याला टॉर्च पुरतो.

डॉक्टरांनी कारण सांगून स्कॅन लिहून दिला असेल तर तो टाळू नका. येताना जुन्या फिल्म आणि सीडी आणा, कित्येकदा तेवढ्याने दुसरा स्कॅन वाचतो. आणि पाळी चुकली असेल तर टेबलावर झोपण्याआधी आम्हाला सांगा.