तीन क्लब, एक संघ आणि उरलेली अठरा मुलं

‘छोटे क्लब मोडा, सगळे मिळून एकच मोठा क्लब करा, तरच आपली मुलं वर जातील’ असा एक लांबलचक फॉरवर्ड मेसेज फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये फिरतोय. माझ्या भावजयीनं तो मला पाठवला आणि खाली विचारलं, “आपल्याकडचे तीन क्लब एक करायच्या संमतीपत्रावर सही मागतायत, करू का?” तिचा मुलगा दहा वर्षांचा, गोलकीपर. फॉरवर्डात पाच मुद्दे आहेत. पाचही ठासून मांडलेत, हिशेब मात्र एकाचाही केलेला नाही.

‘खर्च वाचेल.’ थोडाफार वाचेल, मान्य. पण शेजारचे तीन क्लब एक झाले की शेजारचे प्रतिस्पर्धीही संपतात, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनीही नाही. मग हा तगडा संघ खेळणार कोणाशी? एक तर उरलेल्या दुबळ्या संघांना दर आठवड्याला दहा-दहा गोल मारणार, नाहीतर तोडीस तोड सामन्यासाठी लांबच्या खेपा करणार. वाचलेले पैसे तिथे गाडीभाड्यात जाणार.

‘चांगले कोच मिळतील.’ कोच पगार दिल्यावर मिळतो. क्लबच्या नावापुढे ‘युनायटेड’ लावल्यानं मिळत नाही.

‘डेन्मार्कचा मिडट्यूलान क्लब बघा, दोन क्लब एक झाले आणि देशाचे विजेते झाले.’ १९९९ साली ईकास्ट आणि हेर्निंग इथले क्लब एकत्र आले आणि २०१५ साली लीग जिंकली, इथपर्यंत खरं. पण एक झाले ते वरचे व्यावसायिक संघ. ईकास्ट एफएस आणि हेर्निंग फ्रेमाड हे जुने क्लब आपापल्या नावानं चालूच राहिले. म्हणजे उदाहरण दिलंय दोन घरांवर एक माडी चढवल्याचं आणि सल्ला दिलाय घरंच पाडायचा.

आता चौथा मुद्दा. तो वाचून माझं डोकं फिरलं: ‘तिन्ही क्लबांतली सर्वोत्तम मुलं एका संघात घ्या. बाकीच्यांचं काहीच नुकसान नाही, ती ब संघात खेळतील. ज्यांना झेपणार नाही ती आपोआप गळतील.’

आपोआप? अकरा-बारा वर्षांची मुलं बऱ्याच देशांत नवास नऊ खेळतात. तीन क्लब म्हणजे एका फेरीत सत्तावीस मुलं पहिल्या शिट्टीपासून मैदानात, तीन कॅप्टन, तीन गोलकीपर. पहिला संघ एकच ठेवला की नऊ मुलं आत आणि अठरा बाहेर. त्यांतली नऊ ब संघात धरू. उरलेल्या नऊ जणांचं काय? क संघाचा फॉरवर्डात उल्लेखसुद्धा नाही. तिसऱ्या गोलकीपरला कोणीतरी सांगणार, “तू जरा बॅकला खेळून बघ.” आणि गंमत म्हणजे निवडून आलेल्या पहिल्या गोलकीपरचंही भलं होत नाही. त्याचा संघ दहा गोल मारत असतो तेव्हा तो हाताची घडी घालून उभा असतो. गोलकीपर शॉट अडवून शिकतो, आणि ते शॉट दुबळ्या संघाच्या गोलकीपरलाच जास्त मिळतात.

शिवाय ‘सर्वोत्तम’ कोण हे ठरतं कशावरून? वयोगट जानेवारी ते डिसेंबर असेल तर जानेवारीतलं मूल डिसेंबरातल्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठं असतं. दहाव्या वर्षी हा फरक म्हणजे आयुष्याचा जवळजवळ दहावा हिस्सा! उंची, दम, शॉटमधला जोर, सगळ्यात तो दिसतो. १९८० च्या दशकात कॅनडातल्या आइस हॉकीत हे आधी लक्षात आलं, मग फुटबॉलमध्येही तेच दिसलं: निवडलेल्या संघांत वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी. निवडणाऱ्याला वाटतं आपण गुण हेरले. मग त्याच मुलांना चांगला कोच आणि जास्त सामने मिळतात, आणि दोन वर्षांनी निवड बरोबर होती असंही ‘सिद्ध’ होतं.

इंग्लंडचा फुटबॉलपटू जेमी वार्डी याला सोळाव्या वर्षी शेफील्ड वेन्सडे या क्लबनं लहानखुरा म्हणून सोडलं. त्याला स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स या जवळच्या छोट्या क्लबनं घेतलं. २०१६ साली तो लेस्टर क्लबकडून प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सर्वोच्च लीग, जिंकला. असा छोटा क्लब शेजारी असणं हीच तर इथे मोडीत निघणारी गोष्ट आहे.

पाचवा मुद्दा, ‘लहानपणीच कडक स्पर्धा मिळाली तर मोठेपणी चॅम्पियन’. क्रीडासंशोधक आर्ने ग्यूलिश आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली ५१ अभ्यासांतली माहिती एकत्र तपासली: ६,०९६ खेळाडू, त्यांत ७७२ जागतिक दर्जाचे. खेळ वेगवेगळे होते, फक्त फुटबॉल नव्हे. जागतिक दर्जाला पोचलेल्यांनी लहानपणी जास्त खेळ खेळले होते, मुख्य खेळ उशिरा धरला होता आणि सुरुवातीला त्यांची प्रगती सावकाश होती. लहान वयात चमकलेल्यांचं चित्र बरोब्बर उलटं. नॉर्वेत तर मूल अकरा वर्षांचं होईल त्या वर्षाआधी गुणतक्तेच लावत नाहीत. गोलांसाठी जगभर गाजलेला एर्लिंग हालांड तिथेच, ब्रिनमधल्या गावच्या क्लबात वाढला. एका हालांडवरून सिद्ध काही होत नाही, पण गुणतक्त्याशिवाय खेळाडू घडतच नाही, हे तरी खोटं ठरतं.

एक मात्र नाइलाजानं कबूल करतो. पंधरा-सोळाच्या वयोगटात, आणि मुलींच्या संघांत त्याआधीही, कधी कधी अकरा जणी जमवतानाच नाकीनऊ येतात. तिथे दोन क्लबांनी मिळून संघ उतरवणं शहाणपणाचंच आहे. पण तो करार त्या वयोगटापुरता आणि त्या हंगामापुरता करता येतो, त्यासाठी एकही क्लब बंद करावा लागत नाही. तरीही संमतीपत्र पुढे आलंच, तर ब आणि क संघांचा कोच कोण, त्यांना हंगामात सामने किती आणि निवड दरवर्षी नव्यानं होणार का, याची उत्तरं लेखी मागा. फॉरवर्डात यांतलं एकही नाही.