बारा पार्सेक, बार्ज आणि एक फिरता मेसेज

गेल्या आठवड्यात भाच्याने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, "मामा, तुमचं स्टार वॉर्स गेलं." मेसेज मराठीत होता, म्हापशापासून काणकोणपर्यंत बऱ्याच जणांकडे फिरून आलेला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: 'स्टार वॉर्स' या अंतराळपटातला यानचालक हान सोलो बढाई मारतो की माझ्या यानाने 'केसेल रन' ही अवघड फेरी बारा पार्सेकच्या आत पार केली. पण पार्सेक अंतराचं एकक आहे, वेळेचं नाही. म्हणजे चित्रपट लिहिणाऱ्या जॉर्ज ल्यूकसला शाळेतलं खगोलशास्त्रसुद्धा येत नव्हतं. शिवाय बारा पार्सेक जायला प्रकाशालाच 39 वर्षं लागतात, मग हान म्हातारा कसा झाला नाही? चाळीस वर्षं ही घोडचूक कोणाच्या लक्षात आली नाही, आणि शेवटी 2018 साली 'सोलो' या चित्रपटात कंपनीने कृष्णविवरांची गोष्ट रचून ती झाकली.

यातलं एक वाक्य खरं आहे, ते आधी मान्य करून टाकतो. पार्सेक अंतरच मोजतो. हात लांब करून अंगठा धरा, एक डोळा मिटा, मग दुसरा. अंगठा मागच्या माडाच्या झावळ्यांवरून सरकल्यासारखा दिसतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचे तारे असेच दूरच्या ताऱ्यांवरून किंचित सरकतात. पृथ्वी-सूर्य अंतराएवढ्या सरकण्याला ज्या ताऱ्याचा कोन एक विकला भरतो, तो एक पार्सेकवर. विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग. दोन किलोमीटरवर ठेवलेला सेंटिमीटरभर शेंगदाणा साधारण तेवढा दिसेल. (दिसणार नाहीच, पण कोन तेवढा.) पार्सेकमधला 'सेक' हा या कोनाचा आहे, घड्याळातला नव्हे. अंतर भरतं 3.26 प्रकाशवर्षं, म्हणजे जवळपास 31 लाख कोटी किलोमीटर. बारा पार्सेक म्हणजे किती लांब, तर आपला स्वाती तारा त्याच्या जरा अलीकडे, अकरा-सव्वाअकरा पार्सेकवर आहे.

आता "ल्यूकसला येत नव्हतं". ल्यूकसच्या डोक्यात काय होतं ते मला माहीत नाही, मेसेज लिहिणाऱ्यालाही नाही. कागदावर काय होतं ते मात्र माहीत आहे. 1976 च्या पटकथेत या वाक्यानंतर लगेच सूचना आहे की, सोलो उघडउघड खोटी माहिती देऊन छाप पाडायला बघतोय, त्यावर बेन (समोर बसलेला वृद्ध) प्रतिक्रिया देतो. म्हणजे पात्र थापा मारतंय आणि समोरच्या म्हाताऱ्याला ते कळतंय, असं लिहूनच ठेवलं होतं. चित्रपटात तो प्रसंग पुन्हा बघा. दारूच्या गुत्त्यातलं टेबल, गिऱ्हाईक दोन, एक पोरगेला आणि एक वृद्ध. यानाचा मालक कर्जात बुडालेला आणि भाडं हवं असलेला. सीझनच्या पहिल्या आठवड्यात कळंगुटच्या रस्त्यावर टॅक्सीवाला गाडीची तारीफ करतो तेव्हा आपण त्याच्याकडे भौतिकशास्त्राची पदवी मागतो का?

मेसेजच्या बाजूने एक गोष्ट आहे, ती तो स्वतः सांगत नाही. बोलणं चाललं होतं वेगाचं. यान जोरात जातं का, असा प्रश्न होता आणि उत्तर अंतराचं आलं. इथे थाप म्हणा किंवा चूक म्हणा, काहीतरी आहेच. पुढे डीव्हीडीवरच्या भाष्यात ल्यूकसने खुलासा केला की, यानाचं खरं बळ त्याच्या दिशादर्शक संगणकात आहे. तारे चुकवत तो सगळ्यात जवळची वाट काढतो. हा खुलासा मागाहूनचा आहे, मी तो पुरावा म्हणून धरत नाही. पण तो अडाणी मात्र नाही.

का नाही, ते मला आमच्या काकांमुळे कळतं. ते डिचोलीचे, खनिज वाहणाऱ्या बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीवर, उमर गेली, 2012 मध्ये खाणी थांबल्या तेव्हा घरी बसले. पावसाळ्यात मांडवीच्या तोंडाशी आग्वादला वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात, बार्जला तिथून बाहेर पडता येत नाही. मग कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरायचं आणि मुरगाव गाठायचं. भरलेली बार्ज खोल पाण्याची रेघ धरून वळसे घेत जाते; रिकामी असली आणि भरती असली की आडवी कापता येते. एकाच फेरीचे किलोमीटर बदलतात, इंजिन तेच. मी लहानपणी विचारायचो, तुमची बार्ज किती जोरात जाते? ते म्हणायचे, "धावायला कोणीही धावेल रे, पाणी कुठे आहे ते कळायला हवं." मग आपण एकदा कुठला वळसा वाचवला ते रंगवून सांगत. आतून काकू ओरडायच्या, "त्या दिवशी रुतून बसला होतात, तेपण सांगा!"

केसेलसुद्धा खाणींचीच जागा आहे. 1977 च्या चित्रपटात सुरुवातीलाच तो सोनेरी यंत्रमानव घाबरून म्हणतो की, आपल्याला केसेलच्या स्पाइसच्या खाणीत पाठवतील. म्हणजे ती वाट धंद्याची, माल वाहण्याची. माल वाहणाऱ्याला वाटेची लांबी बरोबर कळते. (कालव्यात मगरी आहेत. 2018 च्या चित्रपटात केसेलच्या वाटेवर सोंडांचा अजस्र राक्षस आहे. एवढा फरक सोडून देऊ.)

39 वर्षांचा मुद्दा दोन ओळींत संपतो. त्या विश्वात यानं प्रकाशाच्या वेगाने जातच नाहीत, हायपरस्पेस नावाच्या काल्पनिक आडमार्गाने त्याहून जोरात जातात. ते मान्य नसेल तर फक्त केसेल नाही, पूर्ण मालिकाच रद्द करावी लागेल.

"कोणाच्या लक्षात आली नाही" हे तर उलटंच आहे. चित्रपट मे 1977 मध्ये लागला. त्याची कादंबरी 1976 मध्येच दुकानात आली होती. नाव ल्यूकसचं, लिहिणारा ॲलन डीन फॉस्टर. तिच्यात पार्सेक नाहीच, त्या जागी वेळेचं एक काल्पनिक एकक आहे. चित्रपट पडद्यावर यायच्या आधीच कोणीतरी तो शब्द बदलला होता.

आणि कृष्णविवरं 2018 ची नव्हेत. केव्हिन जे. अँडरसनच्या 1994 च्या कादंबऱ्यांत केसेलशेजारी कृष्णविवरांचा 'मॉ' नावाचा पुंजका आहे. चार वर्षांनी ए. सी. क्रिस्पिनने हानची ती फेरीच कादंबरीत घातली. 2014 मध्ये त्या सगळ्या कादंबऱ्या अधिकृत कथेतून बाहेर काढल्या गेल्या, म्हणून 2018 मध्ये गोष्ट नव्याने दाखवावी लागली. त्या चित्रपटात नेहमीची वाट वीस पार्सेकची आहे आणि यानाच्या पोटातला कच्चा कोॲक्सियम (यानांचं इंधन) केव्हाही फुटेल म्हणून हान आडवाट धरतो. हे ठिगळच आहे, मी नाही म्हणत नाही. पण झाकायचंच असतं तर शेवटी हानने "बारा पार्सेक" म्हटल्यावर त्याचा केसाळ साथीदार च्युबॅका हरकत कशाला घेतो? आणि हान त्याला सांगतो की, खालच्या आकड्यात धरलं तर बाराच. म्हणजे अधिकृत कथेतही बाराचा आकडा पूर्ण खरा नाही.

भाच्याला हे सगळं लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "मामा, एवढं मोठं कोण वाचणार?" मग मी एवढंच म्हटलं की पुढे पाठवायचाच असेल तर पाठव, पण 39 वर्षं आणि 2018 तेवढं काढून टाक.