चार गळे, पाच सुरांचा कॉर्ड

पन्नासच्या दशकातल्या अमेरिकन पॉपचा विषय निघाला की 'द फोर फ्रेशमन' या चार गायकांच्या ग्रुपला लोक गोड गळ्याची कॉलेजची पोरं म्हणून मोकळे होतात. हे मला अजिबात पटत नाही. त्यांचं मोठेपण सुरांच्या मांडणीत आहे.

१९४८ मध्ये इंडियानापोलिसच्या बटलर विद्यापीठात हा चमू जमला: रॉस आणि डॉन बार्बर हे भाऊ, हॅल क्रॅट्श आणि बार्बरांच्या नात्यातला बॉब फ्लॅनिगन. सुरुवात बार्बरशॉप गाण्याने, म्हणजे चौघांनी साथीशिवाय गायच्या जुन्या अमेरिकन शैलीने झाली. १९५० मध्ये ओहायोतल्या डेटनला जॅझ बँडप्रमुख स्टॅन केंटनने त्यांना ऐकलं आणि कॅपिटल रेकॉर्ड्स या कंपनीकडे त्यांची शिफारस केली. १९५२ चं 'इट्स अ ब्लू वर्ल्ड' हे गाणं बिलबोर्डच्या लोकप्रियतेच्या यादीत तिसाव्या क्रमांकापर्यंतच गेलं. पण क्रमांक बघत बसू नका, कॉर्ड ऐका, म्हणजे एकाच वेळी लागणारे वेगवेगळे सूर.

नाइन्थ कॉर्डला पाच सूर लागतात: सा, ग, प, कोमल नी आणि वरचा रे. गळे चारच. मग सा सोडायचा, तो साथीचा बास (खर्जाचं तंतुवाद्य) वाजवतो, नाहीतर कान आपोआप भरून घेतो. उरले ग, प, कोमल नी, रे. हे खेटून गायले की आवाज कोंदतो. म्हणून वरून दुसरा सूर, म्हणजे कोमल नी, एक सप्तक खाली टाकायचा. आता खालून वर मंद्र कोमल नी, ग, प आणि तार रे. कॉर्ड एकदम मोकळा होतो, चौघांचा आवाज ट्रॉम्बोनच्या ताफ्यासारखा भरतो. वरचा सूर फ्लॅनिगनचा, आणि तो दबक्या आवाजात नव्हे, छातीतून.

आपल्याकडचे हौशी ग्रुप हे करायला जातात आणि फसतात ते बहुतेक खालच्या जोडीत. मंद्र कोमल नी ते ग हे अंतर सहा श्रुतींचं नव्हे, सहा अर्धस्वरांचं आहे. ते धरून ठेवणं अवघड. त्यात सा कुणीच गात नाही, त्यामुळे खालचा गायक घसरतो आणि चार ओळींत सगळी पट्टी उतरते. उपाय सोपा, पण वेळखाऊ. आधी पेटीवर सा धरून खालच्या दोघांनीच गायचं. ते पक्कं झालं की सगळ्यात वरचा, मग मधला. शेवटी पेटी बंद. गळ्यातला कंप जवळपास शून्य ठेवा, आणि 'आ' चौघांचा एकाच तोंडाचा हवा. एकाने जरी पसरट 'आ' लावला तरी सूर बरोबर असून कॉर्ड बेसूर वाटतो.

बीच बॉइज या अमेरिकन बँडच्या ब्रायन विल्सनने पोरवयात हेच कॉर्ड रेकॉर्ड लावून एकेक आवाज वेगळा काढून शिकले होते. आजही शिकायची ती सगळ्यात चांगली रीत.