पोरगा सीमेवर, पत्र आमदाराचं

अण्णांनी बंडीच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून आमच्यातल्या कार्यकर्त्याच्या हातात दिला. "आमदार साहेबांच्या लेटरहेडवर एवढं टाइप करून दे बाबा. पोराची बदली पुण्याला करा, नाशिकला करा, कुठंबी करा, पण महाराष्ट्रात करा." कार्यकर्ता लगेच म्हणाला, "त्यात काय अण्णा, उद्या दुपारपर्यंत आणून देतो." यावर सुभेदार मामांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "देऊ नकोस. पत्र दिलंस तर त्या लेकराचं वाटोळं करशील."

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, स्टँडच्या मागच्या कट्ट्यावर रोज चर्चा होतात. निवडणुका, सोयाबीनचा भाव, पाऊस. त्या दिवशीचं भांडण वेगळं होतं, कारण ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं त्याचा बाप समोर बसला होता. म्हणून हे लिहायला घेतलं. आपल्याकडं कितीतरी घरांतली पोरं फौजेत आहेत आणि असला कागद आज ना उद्या कुणाच्याही खिशात येऊ शकतो.

अण्णांचा पोरगा तोफखान्यात, सध्या फील्डला, म्हणजे सीमेवरच्या तैनातीवर. तिथं कुटुंब नेता येत नाही. घरी त्याची आई किडनीची पेशंट, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला लातूरला न्यावं लागतं. अण्णांना डोळ्यांनी धड दिसत नाही. सून एकटी, तिच्या कडेवर वर्षाचं लेकरू. पहाटेची एसटी धरायची, चार तास मशीनवर, मग परतीची गाडी, आणि घरी आल्यावर सगळ्यांचा स्वयंपाक. वरून चुलत भावानं बांध कोरलाय, त्याची केस तहसीलला. कागदावर हे सगळं पाच ओळींत होतं आणि शेवटी, "तरी माझ्या मुलाची बदली करण्याची कृपा व्हावी."

मामांचं म्हणणं पहिल्यांदा ऐकायला कठोर वाटतं. ते स्वतः तोफखान्यातून निवृत्त झालेत, युनिटच्या ऑफिसात बरीच वर्षं काढलेली. ते म्हणाले, "जवानाची पोस्टिंग कोण करतं? रेकॉर्ड ऑफिस, जिथं जवानाच्या नोकरीची सगळी नोंद असतीय. तोफखान्याचं नाशिक रोडला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला. तिथं आमदाराचा काय संबंध? संरक्षण हा केंद्राचा विषय. पत्र मुंबईवरनं दिल्लीला, दिल्लीवरनं फिरत फिरत शेवटी येतं त्याच पोराच्या युनिटात. मग सीओ साहेब, म्हणजे युनिटचे प्रमुख, त्यालाच उभं करून विचारतात, तू बाहेरचं वजन का आणलंस? त्या बिचाऱ्याला म्हाईतबी नसतंय की बापानं पत्र दिलंय."

वकीलसाहेबांनी मान डोलावली. केंद्राच्या नागरी नोकरांसाठी 1964 चे वर्तणूक नियम आहेत. त्यातला नियम 20 सांगतो की, नोकरीच्या कामासाठी राजकीय किंवा बाहेरचं वजन वापरायचं नाही. सीआरपीएफवाल्यांनाही तो लागू होतो. फौजेची शिस्त तर त्याहून कडक. सीआरपीएफ आणि बीएसएफ गृह मंत्रालयाखाली येतात, फौज संरक्षण मंत्रालयाखाली. पण आपल्याकडं सगळ्यांनाच 'मिलिटरीवाला' म्हणतात आणि पुष्कळदा चिठ्ठीवरचा पत्ताच चुकतो.

इथपर्यंत सगळे मामांच्या बाजूनं होते. अण्णा मान खाली घालून बसले होते. मग वकीलसाहेबच उलटले.

"थांबा मामा. तुम्ही म्हणता आमदाराकडं जाऊ नका. मग जायचं कुठं? 2007 चा सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा काढून बघा. पेन्शन, पगार, बढती, सगळ्याची दाद तिथं मागता येते. बदली आणि पोस्टिंग मात्र कायद्यानंच बाहेर ठेवलीय. रजासुद्धा बाहेर. उच्च न्यायालयात जाता येतं, पण 2005 साली मेजर जनरल बन्सल यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय की, फौजेतल्या बदल्यांत कोर्टानं फारच कमी हात घालावा. तिथं मेजर जनरल माणसाचा निभाव लागला नाही. आपल्या गावच्या शिपायाचा बाप कुठल्या दारात उभा राहील? एक आमदाराचंच दार त्याला ओळखीचं असतं. तो मतं मागायला दारात आलेला असतो, म्हणून हा त्याच्या दारात जातो. यात त्याचं चुकलं काय?"

मला हे पटलं. आजही पटतंय. आमदाराकडं जाणाऱ्या बापाला वशिलेबाज म्हणणं मला सहन होत नाही. वशिला सोय बघणारा लावतो. जे घर बुडायला लागलंय ते मिळेल तो हात धरतं.

पण गुरुजी गप्प होते, ते बोलायला लागले आणि वादाची दिशाच बदलली. गुरुजी कधी आवाज चढवत नाहीत. "अण्णा, राग मानू नका. तुमचा पोरगा पुण्याला आला, तर त्याची तिथली जागा रिकामी राहील का? तिथं कुणीतरी जाणारच. कोण जाईल? ज्याच्या बापाची आमदाराशी ओळख नाही, त्याचा पोरगा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड्याचा पोरगा जाईल. त्याचे आई-बाप सहा महिने कारखान्यावर कोपीत असतात, त्यांना गावच्या आमदाराचं ऑफिस कुठं म्हाईत? पत्रानं बदली व्हायला लागली, तर ज्याला पत्र मिळत नाही त्यानं जन्मभर बर्फात उभं राहायचं का?"

अण्णांनी वर बघितलं. "गुरुजी, माझ्या पोराच्या जागी दुसऱ्याचं लेकरू जावं, असं मी कधी म्हणलं? माझी बायको मरायलीय, एवढंच म्हणलं मी."

बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग मी अण्णांचा कागद मागून घेतला आणि पुन्हा वाचला. मला जे दिसलं ते असं. त्या पाच ओळींतल्या चार ओळी फौजेबद्दल नव्हत्याच. डायलिसिस लातूरला आहे, तालुक्याला नाही, हा प्रश्न फौजेचा नाही. बांध कोरला, मोजणी होत नाही, हा तहसील आणि भूमी अभिलेखचा प्रश्न. सून एकटी लेकरू घेऊन एसटीत उभी राहते, कारण पेशंटला न्यायला गाडी नाही. हे सगळं सरळ झालं तर अण्णा बदली मागतीलच असं नाही. पोरानं फील्डची मुदत पुरी केली तरी चालेल. चार कामं राज्य सरकारची, आणि पत्र मात्र पाचव्या कामासाठी, जे आमदाराच्या हातात नाही!

मी हे बोललो तसा कार्यकर्ता चिडला. "तुम्हाला बोलायला सोपं हाय. साहेबांनी पत्राला नाही म्हणलं की उद्या गावभर बोभाटा, साहेब जवानाच्या विरोधात हाईत म्हणून. पत्र दिलं की माणूस समाधानानं घरी जातंय."

हा मुद्दा खरा आहे आणि म्हणूनच मला सलतो. पत्र द्यायला काही लागत नाही. लेटरहेड, सही, शिक्का आणि व्हॉट्सअॅपवर फोटो. तालुक्याच्या दवाखान्यात डायलिसिसची मशीन आणायला मात्र आरोग्य खात्यामागं लागावं लागतं, तंत्रज्ञाचं पद भरून घ्यावं लागतं, पाण्याची आणि विजेची सोय करावी लागते. 2016 पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू आहे, गरिबांना मोफत डायलिसिस देण्यासाठीच तो आणला. तो आपल्या तालुक्यापर्यंत ओढून आणणं हे लोकप्रतिनिधीचं काम. जवानावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांना लष्करी रुग्णालयात उपचार मिळतात, पण आम्हाला ते पडतं छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत, अडीचशे किलोमीटरच्या पुढं. आठवड्यातून दोनदा तिथं कोण जाणार?

बांधाच्या केसबद्दल वकीलसाहेबांनी एक गोष्ट सांगितली, ती अण्णांना कुणीच सांगितली नव्हती. 1925 चा एक जुना कायदा आहे, भारतीय सैनिक (खटले) अधिनियम. जवान कामगिरीवर असल्यामुळं दिवाणी किंवा महसुली केसमध्ये हजर राहू शकत नसेल, तर ठरलेल्या अधिकाऱ्याचा दाखला आल्यावर ती केस पुढं ढकलता येते, त्याच्या माघारी एकतर्फी निकाल लागू नये म्हणून. सातबारा पोराच्या नावावर, तारखा पडतायत, आणि हे कुणालाच ठाऊक नाही. अण्णा दर तारखेला काठी टेकत तहसीलला जात होते.

मामा आता थोडे मऊ झाले होते. "बदलीचा रस्ता बंद हाय असं मी म्हणलं नाही. रस्ता वेगळा हाय. अर्ज पोरानं करायचा, बापानं नाही. युनिटात, सीओ साहेबांपुढं. आर्मी अॅक्टच्या कलम 26 नं जवानाला तक्रार वरपर्यंत न्यायचा हक्क दिलाय. घरच्या अडचणीसाठी कम्पॅशनेट पोस्टिंग असतीय. त्याला कागद पक्के लागतात, सरकारी दवाखान्याचा दाखला, घरात दुसरं कुणी बघणारं नाही त्याचा दाखला. मिळलच असं नाही, पण त्या अर्जानं पोराचं वाईट होत नाही. तोवर वर्षाची 60 दिवसांची रजा आणि 30 दिवसांची किरकोळ रजा, ती बी नीट तोडून घ्यायची. सगळी दिवाळीलाच काढली तर आईच्या कामाला काय उरणार?"

"आणि हे दाखले देणार कोण?" गुरुजींनी विचारलं.

मामा थांबले. मग जे बोलले ते मला त्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं वाटलं. "तिथंच घोडं पेंड खातंय. युनिट खरंखोटं करायला जिल्ह्याला पत्र पाठवतं. मी अशी पत्रं पाठवलीत. काहींची उत्तरं यायलाच एवढा उशीर, की तोवर पोराची फील्डची मुदत संपून गेली. कुणाची आई गेली. इकडं कुणाच्या तरी टेबलावर कागद पडून राहतो आणि तिकडं आम्ही पोराला सांगतो, उत्तर आलं नाही, थांब."

म्हणजे आमदाराची गरज आहे, आणि ती इथं आहे. फौजेला पत्र लिहायचं नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या टेबलाला विचारायचं, जवानाच्या घरचा कागद किती दिवस पडून आहे? तलाठ्याचा अहवाल का आला नाही? जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात, शेजारी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. आमदारानं महिन्यातून एकदा तिथं बसून तालुक्यातल्या जवानांच्या घरांचे अडकलेले कागद मागितले, तरी शिस्त मोडत नाही आणि कुणाच्या पोराची जागाही हिरावली जात नाही.

गुरुजींनी आणखी एक जोडलं. जवानाची बायको जिल्हा परिषदेची शिक्षिका असेल, तर तिची बदली राज्याच्या हातात असते. शिक्षक बदल्यांच्या धोरणात आजी-माजी सैनिकांच्या आणि निमलष्करी जवानांच्या पत्नी विशेष संवर्ग भाग 1 मध्ये आहेत. तिला सासू-सासऱ्यांजवळची शाळा मिळाली तर अर्धं घर सावरतं. तिथं कुणाचा हक्क डावलला गेला तर आमदारानं जरूर भांडावं.

कार्यकर्ता ऐकत होता. "मग मी साहेबांपुढं नेऊ काय?"

तिथंच वहीचं पान फाडून नवा अर्ज लिहिला. वकीलसाहेब सांगत गेले, गुरुजींनी लिहिलं. पोराच्या बदलीचा त्यात शब्द नाही. तालुक्याच्या दवाखान्यात डायलिसिसची मागणी, तोवर पेशंटला न्यायला गाडी. बांधाच्या मोजणीची तारीख. आईच्या आजाराचा आणि कुटुंबाच्या परिस्थितीचा दाखला ठरल्या मुदतीत. बदलीचा अर्ज पोरगा युनिटात करणार, त्यात काय काय लिहायचं ते मामा त्याला फोनवर सांगणार. अण्णांनी सही करताना विचारलं, "यानं पोराला तरास नाही ना होणार?" मामा म्हणाले, "नाही अण्णा. माझी जबाबदारी."

वाद मात्र मिटला नाही. वकीलसाहेब म्हणतात, मराठवाड्यातून 8 खासदार जातात. त्यांनी दिल्लीत विचारलं पाहिजे की, घरच्या अडचणीचा अर्ज फेटाळला तर त्याचं कारण जवानाला लेखी मिळावं आणि त्यावर न्यायाधिकरणात दाद मागता यावी. मामांना हे अजिबात मान्य नाही. "प्रत्येक पोस्टिंगवर तारीख पडायला लागली तर चौकीवर उभं कोण राहणार? वकील?" वकीलसाहेब म्हणाले, "प्रत्येक पोस्टिंग नाही म्हणत मी. फक्त कम्पॅशनेटच्या अर्जाबद्दल म्हणतोय, आणि तेही फक्त कारण लेखी द्या म्हणून." मामा म्हणाले, "फौज कारणं सांगत बसत नसतीय."

या एका गोष्टीत मी वकीलसाहेबांच्या बाजूनं आहे, आणि मामांना तोंडावर तसं सांगितलंय. जो पोरगा हुकूम आला की कारण न विचारता बर्फात जाऊन उभा राहतो, त्याला आईजवळ का जाता येणार नाही, याचं कारण कागदावर मिळायला हवं. मामा अजून मानत नाहीत. कार्यकर्ता अर्ज घेऊन सोमवारी साहेबांकडं जाणार आहे, आणि त्याच्यासोबत आम्ही चौघंही जाणार आहोत.