वादळाआधी लिंक भरा

आमच्या शाळेचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा परवा परत आला. शेरा दोन ओळींचा : 'मॉक ड्रिलच्या छायाचित्रात बॅनर दिसत नाही. त्रुटीपूर्तता करून आजच ऑनलाइन लिंकवर सादर करावे.' बॅनर होता हो. चक्रीवादळाचा सराव चालू असतानाच वाऱ्याने तो उचलला आणि शेजारच्या फणसावर नेऊन टाकला. मी फोन करून म्हटलं, साहेब, सराव याहून खरा कसा करायचा? पलीकडून उत्तर आलं, "गुरुजी, लिंक पाचला बंद होते."

तर, कोकण किनाऱ्याच्या आडगावात दोन खोल्यांच्या जिल्हा परिषद शाळेचा चार्ज नुकताच हाती आलेल्या बंधू-भगिनींनो, बदलीचं पोर्टल तुमच्यावर प्रसन्न झालंच आहे, तेव्हा हे चार अनुभवाचे बोल ऐकून ठेवा.

पहिली गोष्ट, आराखडा स्वतः लिहायला बसू नका. आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फाईल फिरते आहे. तिच्यात फक्त शाळेचं नाव आणि यू-डायस, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक बदलायचा. ती मुळात कुठल्याशा शहरातल्या चार मजली शाळेची असावी, कारण 'आपत्तीच्या वेळी लिफ्टचा वापर टाळावा' आणि 'सर्वांनी पार्किंगमध्ये जमावे' ही वाक्यं तिच्यात आहेत. ती काढू नका. शेजारच्या शाळेतल्या बाईंनी काढली, तर 'मुद्दे अपूर्ण' म्हणून आराखडा परत. आता पऱ्यावरचा, म्हणजे ओढ्यावरचा साकव ओलांडून आणि पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून जिथे पोचावं लागतं, त्या त्यांच्या शाळेत लिफ्ट वापरायला सक्त मनाई आहे. आजवर एकाही मुलाने नियम मोडलेला नाही.

मग समित्या. इशारा समिती, शोध व बचाव समिती, प्रथमोपचार समिती, स्थलांतर समिती, अग्निशमन समिती. प्रत्येकीत निदान पाच सदस्य हवेत, त्याशिवाय लिंक पुढे सरकत नाही. शाळेत शिक्षक दोन, त्यातला एक मतदार यादीच्या कामावर. घाबरायचं कारण नाही. पाचही समित्यांचे प्रमुख तुम्हीच व्हा. मी झालोय. वादळात मी हरवलो तर मला शोधायची जबाबदारी माझ्यावर आहे आणि सापडल्यावर मला मलमपट्टीही मीच करायची आहे. अग्निशमनाचं काम पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंकडे द्या, नाहीतरी चूल त्यांच्याच ताब्यात असते.

आपत्कालीन क्रमांक दर्शनी भिंतीवर ऑइलपेंटने ठळक रंगवून घ्या. रेंज वर डोंगरमाथ्यावर, सड्यावर आहे.

सरावाच्या वेळी मुलांना बाकाखाली बसवा, असं फाईलमध्ये आहे. बाक नसतील तर बस्करपट्टीखाली बसवा. ही सूचना भूकंपाची आहे, वादळाची नाही, असली शंका काढू नका. शंकेला रकाना नाही.

वादळ शक्यतो सुट्टीत येईल असं पाहा. या बाबतीत आपण आजवर नशीबवान ठरलो आहोत. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला दुपारी श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर आलं, वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचे आणि शाळांचे पत्रे उडाले, दापोली-मंडणगडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पण शाळांना उन्हाळी सुट्टी आणि वर टाळेबंदी. त्यामुळे अहवाल सोपा : बाधित विद्यार्थी, निरंक. शाळा पुढेही बंदच राहिल्या, म्हणून शाळेला छप्पर नाही हे कुणाच्या डोळ्यांवर यायचीही सोय नव्हती. मुलं मोबाईलवर शिकत होती, असं दुसऱ्या एका अहवालात आहे. मोबाईल चार्ज कुठे करत होती, हे त्यात नाही. पुढच्या वर्षी तौक्ते आलं तेही मे महिन्यात. पुन्हा निरंक. अरबी समुद्राला वर्षातून दोनदा अंगात येतं, एकदा पावसाळ्याच्या तोंडावर आणि दुसऱ्यांदा ऑक्टोबर ते डिसेंबरात. हा दुसरा हंगाम म्हणजे आपलं दुसरं सत्र. फयान २००९ च्या नोव्हेंबरातच आलं होतं. पण ते आता कोण आठवतंय, आणि आराखड्याच्या फाईलमध्ये तर त्याचं नावसुद्धा नाही.

शाळेला सुट्टी जाहीर झाल्याचा मेसेज पोचेपर्यंत मुलांना वर्गात बसवून घ्या, म्हणजे त्यांना घरी कसं पाठवायचं हा प्रश्न सोडवायला मिळतो.

छपराचा खर्च अनुदानातून करा. तीसच्या आत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये मिळतात. त्यातले दहा टक्के स्वच्छतेवर, उरलेल्यात खडू, वीजबिल, झेरॉक्स आणि आराखड्याच्या रंगीत प्रती. बाकी रक्कम खुशाल छपराला वापरा.

आता निवाऱ्याचं बघू. या मुद्द्यावर सल्ला नीट ऐका, कारण इथे तुमचं कसब लागणार आहे. एका कार्यालयाच्या यादीत आमची शाळा 'धोकादायक इमारत' आहे. तसं पत्र आहे : पावसाळ्यात सदर खोलीत विद्यार्थ्यांना बसवू नये, बसवल्यास जबाबदारी मुख्याध्यापकांची. दुसऱ्या कार्यालयाच्या यादीत तीच शाळा, तीच खोली, 'सुरक्षित निवारा स्थळ' आहे. तसंही पत्र आहे : इशारा मिळताच खालच्या वाडीतली कुटुंबं इथे हलवावीत, खोली उघडून देण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांची. नातवावर पडेल ते छप्पर आजीवर पडणार नाही, असा काहीतरी शासकीय हिशोब असणार. मी दोन्हीकडे लिहिलं. पहिल्यांनी सांगितलं, निर्लेखनाचा, म्हणजे जुनी इमारत पाडायच्या मंजुरीचा प्रस्ताव पाठवा. पाठवला. अंदाजपत्रक जोडा म्हणाले. अंदाजपत्रकाला पाहणी हवी, पाहणीला साहेब हवेत, साहेबांना गाडी हवी आणि गाडी साकवाच्या अलीकडे थांबते. तिथून चालत वीस मिनिटं. पहिल्या वर्गातली पोरं रोज चालतात, दप्तर घेऊन, पावसात. साहेबांना जमलं नाही, त्यांनी फोटो मागवले. चारही बाजूंनी, अक्षांश-रेखांशासह. दिले. मग प्रस्ताव जुन्या नमुन्यात निघाला. नव्या नमुन्यात दिला, तोवर आचारसंहिता लागली. ती उठली तर मार्च आला. मार्चनंतर एप्रिल, म्हणजे नवं आर्थिक वर्ष, म्हणजे प्रस्ताव नव्याने! आणि दुसरे म्हणतात, निवाऱ्याच्या यादीतून नाव काढायचं तर गावातली पर्यायी पक्की जागा सुचवा. अहो, गावात दुसरी पक्की जागा असती तर मी माझी मुलं या पत्र्याखाली बसवली असती का? मध्येच २०२३ मध्ये समूह शाळांचं वारं आलं. वीसपेक्षा कमी पट असेल तर मुलं दुसऱ्या शाळेत न्यायचे प्रस्ताव मागवले गेले. किती सोपा उपाय. शाळाच नको, म्हणजे छप्पर नको. निवाऱ्याच्या यादीत नाव मात्र राहीलच, ते कोण काढणार?

आणि उडालेल्या पत्र्यांच्या जागी नवे पत्रे बसवले गेले तेव्हा मी समोर उभा होतो. कडेच्या ओळीला, जिथे वारा आधी बोट घालतो, तिथेच हूक विरळ. वॉशर तर काही हुकांना नाहीतच. मिस्त्रीला विचारलं तर म्हणाला, गुरुजी, वरून जेवढे आले तेवढे लावले. काम पूर्ण झाल्याचा फोटो त्याच संध्याकाळी ग्रुपवर पडला. खाली अंगठे.

आता पुरे झालं. उपरोधाला दम लागतो, तो माझा संपला.

वादळ अचानक येत नाही. हवामान खातं तीन दिवस आधी चाहूल देतं, ४८ तास आधी इशारा देतं, २४ तास आधी पुन्हा बजावतं. एवढ्या वेळात करायच्या गोष्टी आमच्या गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. छपरावर आलेल्या फांद्या तोडायच्या. पत्रे दोराने आणि तारेने बांधायचे. वाऱ्याच्या तोंडच्या खिडक्या आतून फळी ठोकून बंद करायच्या, कारण वारा वरून पत्रा ओढतोच, आणि खिडकी फुटली की आत शिरून खालून ढकलतोही. तांदूळ, दाखले, जनरल रजिस्टर प्लास्टिकमध्ये बांधून उंचावर. पिण्याचं पाणी भरून ठेवायचं. कुठल्या वाडीचं कुठलं मूल, त्याला कोण घेऊन जाणार, आणि पऱ्या भरला तर ते कुणाच्या घरी थांबणार, याची कागदावर हाताने लिहिलेली यादी. आणि मुलांना एक गोष्ट घोटून सांगायची : मध्येच वारा एकदम पडला तर बाहेर यायचं नाही. तो वादळाचा डोळा असतो. थोड्या वेळाने वारा उलट्या बाजूने येतो. मुलं बाहेर पडतील ती नेमकी तेव्हाच, पत्रे कुठवर गेले ते बघायला. यातली एक तरी गोष्ट तुमच्या लिंकमध्ये आहे? बॅनरचा रकाना आहे.

ओडिशात १९९९ च्या वादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यांनी त्यानंतर किनाऱ्यावर शेकडो पक्के निवारे बांधले, त्यातले कितीतरी एरवी शाळा म्हणून वापरतात, आणि २०१९ च्या फनीला दहा लाखांहून जास्त लोक वेळेत हलवले. तिथेही सरकारच आहे, तिथेही फाईलीच आहेत. आमच्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची शाळा सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं २०१६ पासून आहेत, आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा २००५ पासून आहे. कागद कमी पडलाय असं कुणी म्हणू नये. पत्र्याला हूक कमी पडलेत.

साहेब, तुम्हाला लाज वाटायला हवी. धोकादायक खोलीत माणसं कोंबायचा आदेश तुम्ही काढता आणि खाली माझं नाव टाकता. उद्या काही झालं तर 'सूचना दिल्या होत्या' म्हणून दोन्ही पत्रं दाखवाल, आणि दोन्हींत गुन्हेगार मीच निघेन. लिंक मी भरणार नाही. फोटो पाठवणार नाही. आधी त्या दोन पत्रांपैकी एक मागे घ्या. कुठलं ते तुम्ही ठरवा, आणि त्याच्याखाली पूर्ण नाव लिहून सही करा. तुमची.