‘तुम्हांला म्हणत नाही आम्ही’

गेल्या पंधरवड्यात कळंबच्या आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धाकट्या चुलत भावाने नेदरलँड्समधले कडवे उजवे, मुस्लिमविरोधी नेते खेर्ट विल्डर्स यांचा फोटो टाकला आणि खाली लिहिले, ‘दादा, तुमच्याकडचा हा माणूस खरा. आपल्याला असाच पाहिजे.’ मी नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला चौदा वर्षे राहतो. उत्तर लिहिले, पुसले, पुन्हा लिहिले. शेवटी दोनच ओळी पाठवल्या, आणि त्यावर ‘परदेशात बसून शहाणपण शिकवू नका’ असा शेरा आला. तो मनातून जात नाही.

२०२२ साली भाजपच्या तेव्हाच्या प्रवक्त्या नूपुर शर्मा यांच्या प्रेषित मुहम्मदांवरील वक्तव्यावरून वादळ उठले, तेव्हा विल्डर्स यांनी त्यांची जाहीर बाजू घेतली. भावाला विल्डर्स ठाऊक आहेत ते तेवढेच. जर्मन सीमेलगतच्या फेन्लो गावी १९६३ साली जन्मलेले हे गृहस्थ १९९८ मध्ये व्हीव्हीडी या उजव्या उदारमतवादी पक्षाकडून संसदेत आले, तुर्कस्तानला युरोपीय संघात घेण्याच्या प्रश्नावरून २००४ मध्ये बाहेर पडले आणि २००६ मध्ये त्यांनी पीव्हीव्ही हा पक्ष काढला, ज्याचे अधिकृत सभासद ते एकटेच आहेत. त्या पक्षात अधिवेशन नाही, ठराव नाही, शाखा नाही. आमच्याकडे बाजार समितीचे पॅनेल ठरवतानासुद्धा चार जणांना विचारावे लागते. जो भाऊ घराणेशाहीवर तावातावाने बोलतो, त्याला एका माणसाचा पक्ष कसा चालतो, हे मला खरोखर कळत नाही.

त्यांच्या आईचे घराणे डच ईस्ट इंडिजमधले, म्हणजे आजच्या इंडोनेशियातले. पत्नी मूळच्या हंगेरीच्या. इस्लामवर टीका करणारे डच दिग्दर्शक थेओ फान खोख यांचा २००४ च्या नोव्हेंबरात खून झाल्यापासून विल्डर्स सतत पोलीस पहाऱ्यात जगत आहेत, आणि ते दुःख मी हलके मानणार नाही. पण ‘मोरोक्कन लोक कमी हवेत की जास्त’ असे २०१४ साली हेगमधल्या सभेत विचारून ‘कमी, कमी’ असा गजर त्यांनीच करवून घेतला. एका जनसमूहाचा अपमान केल्याबद्दल न्यायालयाने त्यांना दोषी धरले. शिक्षा दिली नाही, मात्र तो ठपका २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिला. इथे निदान खटला तडीस जातो, हे भावाला सांगताना माझ्या आवाजात थोडा तोरा आला असेल, तर तो मी नाकारत नाही.

भावाला वाटते की हा माणूस फक्त मुसलमानांच्या विरोधात आहे. २०१२ साली याच पक्षाने पोलिश, रुमानियन, बल्गेरियन कामगारांविरुद्ध तक्रारी नोंदवण्यासाठी संकेतस्थळ उघडले होते. ते लोक गोरे, बहुतेक ख्रिस्ती, आणि युरोपीय संघाचे नागरिक, कायद्याने आलेले. मग आपण कोणत्या हिशेबात?

२०२३ च्या नोव्हेंबरात संसदेच्या निवडणुकीत पीव्हीव्हीला १५० पैकी ३७ जागा मिळाल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कचऱ्याचा हिरवा कंटेनर रस्त्याकडेला लावत असताना शेजारचे आजोबा कुंपणापाशी आले. माझी मुले त्यांना ओपा म्हणतात. आमची शिडी आणि त्यांचे ड्रिल नेहमी इकडून तिकडे जाते. त्यांनी मत कोणाला दिले ते सांगितले आणि म्हणाले, ‘तुम्हांला म्हणत नाही आम्ही. तुम्ही काम करता.’ मी आभार मानले. घरात येऊन चहा ठेवला, तेव्हा जाणवले की मला बरे वाटले होते.

हे बरे वाटणे मला जुने ओळखीचे आहे. पुण्यात शिकताना खोली शोधत होतो, तेव्हा एक घरमालक म्हणाले होते, ‘मराठवाड्यातले वाटत नाही हो तुम्ही.’ ‘काय करलालाव’ म्हणणे मी पहिल्याच सत्रात सोडले होते. खोली मिळाली.

वाद वाढला, तसा भावाने रझाकारांचा विषय काढला. रझाकारांनी आमचे घर लुटले, हे खरे आहे. १९४८ साली तेरा वर्षांची आजी घरच्यांबरोबर रातोरात बैलगाडीने निजामाची हद्द ओलांडून बार्शीला गेली आणि एका अनोळखी घराच्या ओसरीवर ते सगळे काही महिने राहिले, हेही खरे आहे. आणि पोलीस ॲक्शननंतर उस्मानाबाद जिल्ह्यात निरपराध मुसलमानांचे काय झाले, ते भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे. आमच्या घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे. तिन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या आहेत. भाऊ पहिलीच सांगतो.

२०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा निवडणूक झाली. मतदान केंद्रावर लाल पेन्सिल हातात घेतली, तेव्हा मला आजीची ती ओसरी आठवत होती. पीव्हीव्ही २६ जागांवर आली. भारताचा पासपोर्ट मी केव्हाच परत केला आहे, त्यामुळे ‘तुम्ही आता इथले नाही’ हे भावाचे म्हणणे कागदावर बरोबरच आहे, आणि ते वाचून घशाशी आवंढा येतो, हे त्याला सांगता येत नाही.

ओसरीची हकिकत मी ग्रुपवर लिहिली. भाऊ म्हणाला, ‘ते वेगळं होतं, दादा. आपण आपल्याच लोकांत गेलो होतो.’ आजी मात्र सांगत असे की बार्शीत पाण्याला गेले की बायका त्यांना ‘मोगलाईतल्या’, म्हणजे निजामाच्या मुलखातल्या, म्हणत आणि त्यांचा नंबर मागे ढकलत. हे सांगताना ती आवाज खाली घेई, घर कळंबातच होते आणि ऐकायला आम्ही नातवंडेच असू, तरीही.